गाडीची नोंदवही

परवा इंजिनियरिंगला असलेल्या नातवाने जेवणाच्या टेबलावर भलताच संसार मांडला होता. माझ्या चहाच्या पातेल्यात गरम पाणी, त्यात गाडीचा तापमान मोजणारा सेन्सर, शेजारी आर्डुइनो नावाची इवलीशी पट्टी आणि लॅपटॉपवर सेकंदासेकंदाला उमटणारे आकडे.

"आजी, हा जितका तापतो तितका त्याचा विद्युतरोध कमी होतो. त्याच्याबरोबर एक ठरावीक रोध जोडायचा, पाच व्होल्ट द्यायचे आणि दोघांच्या मधला व्होल्टेज वाचायचा. पाच व्होल्टचे हा बोर्ड १०२४ भाग पाडतो."

ते समजले. पण गाडीला एवढी मोजमापे लागली तरी कशाला? या प्रश्नामागे जाता जाता मी थेट लॉस एंजेलिसला पोचले!

जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुके उतरले. युद्धाचे दिवस, तेव्हा काहींना वाटले, जपानने विषारी वायू सोडला. पुढे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने (हे गृहस्थ मूळचे अननसाच्या स्वादाचे अभ्यासक!) १९५० च्या सुमारास दाखवून दिले की गाड्यांच्या धुरावर ऊन पडून हे धुके तयार होते. १९७० मध्ये अमेरिकेने धुरातले मुख्य विषारी घटक ९० टक्क्यांनी कमी करण्याचा कायदा केला.

धूर शुद्ध करणारे उपकरण मात्र फार काटेकोर. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हे प्रमाण सुटले की त्याचे काम बिघडते. म्हणून १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत बॉशचा लॅम्डा सेन्सर आला. पेट्रोल जास्त झाले की तो सुमारे ०.९ व्होल्ट देतो, कमी पडले की ०.१. तेवढ्या खुणेवर इंजिनाचा संगणक प्रमाण सावरतो. १९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या गाडीत १६ पिनांचे सारखेच सॉकेट सक्तीचे झाले, म्हणजे कुठल्याही मेकॅनिकला गाडीच्या तक्रारी वाचता याव्यात.

इथे गोष्ट सुखाने संपायला हवी होती. पण शाळा तपासणीच्या दिवशी वर्ग कसा गुणी बाळासारखा बसतो, ते आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक असते. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांनी तेच केले. चाचणी चालू आहे हे ओळखून त्या तेवढ्यापुरता धूर आवरत आणि रस्त्यावर आल्या की मोकाट सुटत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळींनी मोजणीची यंत्रे गाडीतच ठेवून प्रत्यक्ष रस्त्यावर नोंदी घेतल्या, तेव्हा आकडे जुळेनात. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण उघड झाले. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या.

म्हणजे गाडीत सेन्सर असून भागत नाही. आकडे वाचून वहीत उतरवणारा कुणी बाहेरचाही लागतो. नातवाच्या त्या पट्टीकडे मी आता खेळणे म्हणून बघत नाही.

त्याला एवढेच सांगितले, "प्रत्येक आकड्यापुढे तारीख-वेळ लिही, आणि नको असलेला आकडा खोडू नकोस."

असो. पातेले मात्र अजून परत मिळालेले नाही.