पोळ्याच्या रात्रीचे पत्ते

सिंदेवाहीला पोळा फुटला, बैलांना पुरणपोळी भरवून झाली, की आमच्या ओसरीवर सतरंजी पडायची. माझे आबाजी पानं पिसत, शेजारचे काका काटत. खेळ मेंढीकोटाचा: चौघं, समोरासमोरचे भिडू, तेरा-तेरा पानं. दश्श्या म्हणजे मेंढ्या. चारही एका जोडीकडे गेल्या की कोट. पणाला फक्त चिंचोके, पितळी गडव्यात खुळखुळणारे. भिडूला खूण केली की आबाजी डाव मोडत, मग तो जावई का असेना.

जुगारावरचा सरकारी कायदा आबाजींच्या या नियमाहून जुना. आमचा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, म्हणून इथं १८६७चा जुगारबंदी कायदा. मुंबई इलाख्याचा १८८७चा. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा.

पुढे आमच्या ओसऱ्यांवरही तीन पत्तीच आली, आणि चिंचोक्यांच्या जागी नोटा. मला अजून राग येतो. एका तान्ह्या पोळ्याला मी लाकडी नंदी ओढत निघालो, तेव्हा शेजारच्या गोठ्यातले दोन्ही खुंटे रिकामे होते. आदल्या दिवशीची झूल तेवढी भिंतीला लटकत होती, हळदीच्या डागासकट.