असीरगढ: तोफांनी न पडलेला किल्ला

भुसावळहून खंडव्याच्या गाडीत बसलात की रावेरनंतर राज्य बदलतं. केळीच्या बागा मात्र तशाच राहतात. मग बुऱ्हाणपूर येतं. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी एकेकाळी आपल्या खानदेशाची राजधानी होतं. तिथून वीसेक किलोमीटर उत्तरेला सातपुड्यात असीरगढ आहे. उत्तरेतून दख्खनला उतरायची वाट या किल्ल्याखालून जाते.

मी वरणगावचा. आमच्याकडे बंदुकीच्या गोळ्यांची सरकारी फॅक्टरी आहे, त्यामुळे लढाई दारूगोळ्यावरच जिंकतात असं मला लहानपणी वाटायचं. असीरगढची गोष्ट वाचली आणि ते डोक्यातून गेलं.

फारुकी घराणं मूळचं थाळनेरचं, म्हणजे आपल्या शिरपूरजवळचं. फिरिश्ता सांगतो की १४०० च्या सुमारास नासिर खानाने आसा अहिराकडून हा गड कपटाने घेतला. डोल्यांमध्ये बायका आहेत असं सांगितलं आणि आत हत्यारबंद माणसं बसवली. ऐका भो, ही गोष्ट लक्षात ठेवा.

दोनशे वर्षांनी दारात अकबर उभा होता. खरं तर आधीचा सुलतान राजा अली खान मुघलांचाच दोस्त. १५९७ मध्ये गोदावरीकाठी तो त्यांच्याच बाजूने लढताना मेला. पण त्याचा मुलगा बहादूर शहजादा दानियालला भेटायलाही गेला नाही, सरळ असीरगढवर जाऊन बसला. तेव्हा मुघल फौज अहमदनगरला निजामशाहीच्या मागे लागली होती. पाठीमागे, रसदीच्या वाटेवर असा किल्ला मोकळा ठेवणं परवडणारं नव्हतं. १६०० च्या उन्हाळ्यात बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात आला. शहर सहज मिळालं, गड मिळेना. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडलं, चांदबिबी मारली गेली, तरी असीरगढ उभाच. खालचा माळीगढ घेतला, पण वरचा बालेकिल्ला तसाच राहिला.

यापुढे काय झालं, ते कोण सांगतंय यावर अवलंबून आहे.

मुघलांचे लेखक म्हणतात की गडावर रोगराई पसरली. माणसांचे पाय लुळे पडले, डोळ्यांनी दिसेनासं झालं, म्हणून बहादूर शरण आला. अकबराच्या छावणीत जेरोम झेवियर नावाचा जेसुइट पाद्री होता. त्या बाजूची हकिकत अगदी वेगळी आहे. अकबराने स्वतःच्या डोक्याची शपथ घेऊन बहादूरला बोलणीसाठी खाली बोलावलं आणि परत जाऊ दिलं नाही. गडाचा हबशी सरदार तरीही झुकेना. त्याचा मुलगा निरोप घेऊन आला, तर त्यालाही मारलं. बापाने जीव दिला. मग अकबराने झेवियरकडे चौलच्या पोर्तुगीजांच्या तोफा मागितल्या, त्याने नकार दिला. शेवटी आतल्या सरदारांना सोनं वाटून दरवाजे उघडले. १७ जानेवारी १६०१ ला गड मुघलांकडे गेला.

खरं कोणाचं? मुघल लेखक बादशहाच्या पगारावर होते आणि पाद्र्यांना गोव्याची काळजी होती. मला वाटतं रोगही खरा असेल आणि सोनंही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: बालेकिल्ल्याचा तट तोफांनी फोडला, असं कोणीच म्हणत नाही. आसा अहिराचा गड जसा गेला, तसाच फारुक्यांचाही गेला.

अकबराने या विजयाचं सोन्याचं नाणं पाडलं, त्यावर ससाणा आहे. शेकडो किलोमीटर लांब, फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाज्यावरच्या लेखातही दख्खन आणि खानदेशच्या विजयाची नोंद आहे. आपल्या खानदेशाचं नावही दानियालवरून 'दानदेश' केलं. तो दानियाल १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरातच दारूपायी मेला. ते नावही टिकलं नाही. बहादूर आधी ग्वाल्हेरच्या कैदेत गेला आणि १६२४ मध्ये आग्र्याला वारला. खानदेशात त्याला पुन्हा राज्य करता आलं नाही.