शब्दवेध : अपरोक्ष

पुण्यातल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये हमखास ऐकू येतं, ‘माझ्या अपरोक्ष हा निर्णय झाला.’ म्हणायचं असतं ‘माझ्या पाठीमागे’. शब्द मात्र सांगतो ‘माझ्या डोळ्यांदेखत’. परोक्ष म्हणजे डोळ्यांच्या पलीकडचं. बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी पाणिनीने लिट् हा वेगळा लकार, म्हणजे क्रियापदाच्या रूपांचा गट, सांगितला, तो या परोक्षाचाच. परोक्षाला ‘अ’ लागला की अर्थ उलटतो. शंकराचार्यांच्या नावावरच्या ‘अपरोक्षानुभूती’तला अनुभव थेट, साक्षात आहे. मग घोळ कुठे झाला? मला वाटतं, गैरहजेरी सांगायची म्हणून जिभेने नकाराचा ‘अ’ आपणहून जोडला.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने असा शब्द ‘अवाचक’, म्हणजे हवा तो अर्थ न सांगणारा, या दोषात टाकला असता. पण त्यानेच ‘कुशल’चं उदाहरण देऊन रूढीलाही जागा दिली. कुश खुडून आणणारा तो मुळात कुशल. पुढे कुठल्याही कामात निष्णात असणारा. अपरोक्षही बोलण्यात रुळला आहे, तिथे तो राहू द्यावा. इतिवृत्तात आणि करारात मात्र ‘गैरहजेरीत’ असंच लिहावं; तिथे एका ‘अ’मुळे माणूस हजर होता की नव्हता, हेच फिरतं.