पटावरचे नाव ही मेहरबानी नव्हे, थकबाकी आहे

प्रौढ साक्षरता वर्गाचा विषय निघाला की आपल्या तरुण कार्यकर्त्यांचा उत्साह मावळतो. हे सरकारी काम, आकडे भरण्याचे काम, शिक्षकांच्या माथी मारलेले काम, अशी आपली समजूत आहे. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचाराचे खटले हे लढ्याचे विषय, आणि साठीच्या बाईला 'क' काढायला शिकवणे ही समाजसेवा, अशी वाटणीही आपण मनात करून टाकली आहे.

आम्हाला ही वाटणी मान्य नाही. प्रौढांचा मोफत वर्ग सरकारने शोधून काढलेला नाही. फुले-आंबेडकरी चळवळीने तो सरकारच्या कितीतरी आधी सुरू केला. ज्या माणसांना आज आपण 'निरक्षर' म्हणतो, त्यांचे राज्यव्यवस्थेकडे येणे बाकी आहे. हे येणे कसे साचत गेले, ते इतिहासाच्या क्रमाने पाहू.

नाटकाच्या शेवटी नावनोंदणी

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एक अडाणी कुणबी आणि त्याची गरोदर बायको, त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि लुबाडणूक कशी चालते ते प्रेक्षकांना उलगडून सांगणारा विदूषक, असा हा मामला आहे. आपण फसलो ते अक्षर नव्हते म्हणून, हे त्या जोडप्याला अखेर कळते. नाटक संपते तेव्हा कुणाला शिक्षा होत नाही की चमत्कारही घडत नाही. नवरा-बायको जोतीराव आणि सावित्रीमाईंनी चालवलेल्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. नाटकाचा शेवट म्हणजे प्रौढ वर्गात नाव घालणे.

ही नुसती कल्पना नव्हती. त्याच वर्षी फुले दांपत्याने आपल्या राहत्या घरी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा सुरू केली होती. दिवसा शेतात, कारखान्यात, दुसऱ्याच्या दारात राबणाऱ्या माणसाला शिकायचे तर ते रात्रीच, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान. दक्षिणा प्राइझ कमिटीने मात्र नाटक नाकारले.

१८५५ हेच वर्ष मुक्ता साळवे या मातंग मुलीचेही आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. अक्षर हाती आल्यावर आपल्या माणसांनी पहिले काम काय केले, तर प्रश्न विचारले. म्हणूनच अक्षर आपल्यापर्यंत पोहोचू नये यासाठी एवढा आटापिटा होता. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. एका मुलासाठी बाकीचे विद्यार्थी गमवायला सरकार तयार नव्हते. त्या मुलाच्या अर्जाची बाबासाहेबांनी पुढे सायमन कमिशनपुढच्या निवेदनात नोंद घेतली.

फुले ते बाबासाहेब: मागणी हिशेबाची

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यातूनच आली. ही भाषा दयेची नाही. पैसा आमचा आहे, तर शिक्षण आम्हाला का नाही, असा हा सवाल आहे.

पंचेचाळीस वर्षांनी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात तोच हिशेब पुन्हा मांडला. १२ मार्च १९२७ चे त्यांचे शिक्षण अनुदानावरील भाषण प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारी उत्पन्नातून, म्हणजे दारू-ताडीतून, दरडोई दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते. निदान जेवढे या मार्गाने घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी बजावले. याच गतीने गेले तर शाळेच्या वयाचे सारे मुलगे शिकायला चाळीस वर्षे आणि साऱ्या मुली शिकायला तीनशे वर्षे लागतील, हेही त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. १९२७ मध्ये तीनशे मिळवा. आपल्या मुलींचा नंबर २२२७ साली लागला असता.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्याचे जुने आकडे ठेवले. १८८१-८२ साली प्राथमिक शाळांत अस्पृश्य जातींची मुले २,८६२. एकूण विद्यार्थ्यांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते. महाविद्यालयात एकही नाही.

सभागृहात हिशेब मागत असताना बाबासाहेब सरकारची वाट पाहत बसले नाहीत, हे विसरता कामा नये. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांतच वसतिगृहांबरोबर वाचनालये, सामाजिक केंद्रे, वर्ग आणि अभ्यासमंडळे होती. मुंबईत मोफत वाचनालय निघाले, १९२५ साली सोलापूरला वसतिगृह निघाले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा वर्ग सकाळी लवकर भरत, कारण शिकणाऱ्याला त्यानंतर नोकरीवर जायचे असे. फुल्यांची रात्रशाळा आणि सिद्धार्थचे सकाळचे वर्ग यांमागचा विचार एकच आहे. राबणाऱ्या माणसाच्या वेळेप्रमाणे शाळेने आपली वेळ बदलायची.

'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' ही पत्रे आपल्या वस्त्यांत कशी वाचली जात, हे जुन्या माणसांना विचारा. एकजण मोठ्याने वाचायचा आणि चाळीच्या व्हरांड्यात, चावडीवर बाकीचे ऐकायचे. एका साक्षराच्या डोळ्यांनी पन्नासजण वाचत होते. आपल्याकडचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग खऱ्या अर्थाने तिथे भरला. त्याला ना हजेरी होती, ना अनुदान.

एका जन्मसालाची गोष्ट

आता थकबाकीकडे येऊ. संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये राज्याने एक वचन दिले होते: संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण. घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा वयाची मर्यादा अकरावर आणावी अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात राबवायला संविधान मनाई करते, तर ते मूल त्या वयात शाळेतच असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

वचनाची मुदत १९६० साली संपली. १९६१ च्या जनगणनेत देशातील अनुसूचित जातींची साक्षरता १०.२७ टक्के होती, आणि अनुसूचित जातींच्या स्त्रियांची ३.२९ टक्के.

१९५० साली आपल्या एखाद्या वस्तीत जन्मलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. १९६० साली ती दहा वर्षांची होती. संविधानाने जिला शब्द दिला ती हीच मुलगी. ती शाळेऐवजी शेण गोळा करत होती, धाकटी भावंडे सांभाळत होती. १९७२ च्या दुष्काळात ती बावीस वर्षांची, दुष्काळी कामावर खडी फोडत होती. शाळेच्या पटावर तिचे नाव कधी आले नाही, आले ते थेट मुकादमाच्या हजेरीपटावर, अंगठ्यासह.

दरम्यान १९५९ साली साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. मोहिमेचे श्रेय नाकारायचे कारण नाही. पण समारंभानंतर वाचायला पुस्तक नाही, वाचनालय नाही, तर शिकलेले अक्षर टिकणार किती दिवस? त्यात जिथे गाव आणि वस्ती यांचे पाणवठे वेगळे होते, तिथे गावाच्या गौरवात वस्ती किती मोजली गेली, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. वयोगट १५ ते ३५. आपली बाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, कागदावर पात्र. पण वर्ग भरायची वेळ आणि चूल पेटवायची वेळ एकच. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. वयोगट पुन्हा १५ ते ३५. आता ती अडतीस वर्षांची होती, म्हणजे योजनेतून बाद. २००९ साली 'साक्षर भारत' आला. वयाची वरची अट गेली, पण जिथे प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी असे जिल्हेच घेतले गेले. तिचा जिल्हा जरा पुढारलेला निघाला, तर ती पुन्हा बाहेर. २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला तो ६ ते १४ वयासाठी. तेव्हा ती साठ वर्षांची होती. हक्क तिच्या नातवाला मिळाला. तिच्या वाट्याला आजही योजनाच आहे. योजना बंद झाली तर तिला कोर्टात जाता येत नाही.

म्हणून आम्ही थकबाकी हा शब्द वापरतो. मूळ मुद्दल १९६० सालचे आहे. तेव्हापासूनचे व्याज तिने आयुष्यभर भरले: न वाचता उठवलेल्या अंगठ्यांनी, सावकाराच्या वहीने, नावावरून उतरलेल्या जमिनीने.

चारातली एक

बौद्ध समाजाची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहे. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती, देशाची सुमारे ७३ टक्के. धम्मक्रांतीने काय घडवले, याचा हा पुरावा आहे. पण त्याच जनगणनेत बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४.०४ टक्के आहे. म्हणजे सात वर्षांवरील दर चार बौद्ध स्त्रियांमागे साधारण एक निरक्षर. त्या बहुतेक वयस्क आहेत. आपल्या मोर्चात सर्वात पुढे चालतात त्या याच. वंदना तोंडपाठ म्हणतात, बाबासाहेबांची गाणी रात्रभर गातात. पण बाबासाहेबांचे पुस्तक त्यांना वाचता येत नाही.

आता अंगठा दिसेनासा झाला आहे, हाही एक धोका आहे. रेशन दुकानाच्या मशीनवर शिकलेला आणि न शिकलेला दोघेही अंगठाच लावतात, त्यामुळे कोण निरक्षर ते कळत नाही. फरक पुढच्या क्षणी पडतो. मशीनमधून पावती निघते, तिच्यावर किती किलो धान्य दिले ते छापलेले असते. जिला ती वाचता येते ती भांडते. जिला येत नाही ती पिशवी उचलून घरी जाते. बचत गटाच्या नावाखाली मिळणाऱ्या खासगी कर्जाच्या कागदांचेही तेच.

काही आक्षेप, काही काम

'हे सरकारचे काम, आम्ही फुकट का करावे?' असे तरुण विचारतात. जोतीरावांनी १८५५ साली घरात रात्रशाळा चालवली आणि १८८२ साली सरकारकडे जाबही मागितला. दोन्ही कामे एकाच माणसाची. शिकवणाऱ्याच्या मागणीला वजन असते, कारण वर्गात काय कमी पडते ते त्याला माहीत असते.

'या वयात शिकून काय कलेक्टर व्हायचंय?' हे त्या स्वतः म्हणतात. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण त्यांना सांगा. चौथीपर्यंतचे शिक्षण, किराणा दुकान, आणि सामान बांधायला आणलेल्या रद्दीतून वाचन. नवऱ्यापासून लपवून त्या वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या आणि त्यातून 'जिणं आमुचं' हे पुस्तक उभे राहिले. वस्तीतल्या बायका तरी बहुधा नोकरीसाठी शिकायला येत नाहीत. आम्ही वर्गात विचारले की उत्तरे येतात: बसची पाटी वाचायची आहे, नातवाचा फोन कुणाचा ते बघायचे आहे, बँकेत दुसऱ्याला विनवायचे नाही.

सध्या 'उल्लास' नावाने नव भारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. तो २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. वय १५ च्या पुढे, वरची मर्यादा नाही, फी नाही. नाव जवळच्या शाळेत शिक्षकांकडे नोंदवता येते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची मिळून १५० गुणांची चाचणी होते आणि उत्तीर्ण होणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. मुदत संपत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आताच नावे घाला. पुढची वाटही माहीत असू द्या: मुक्त विद्यालयातून पाचवी, आठवी, आणि त्यानंतर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी.

मात्र सही आली की साक्षर, हा सरकारी सोयीचा अर्थ आपण मानू नये. आपल्या वर्गाचा धडा रेशनच्या पावतीचा, सातबाऱ्याचा, वीजबिलाचा, पोलीस ठाण्यात दिलेल्या फिर्यादीच्या प्रतीचा असावा. आणि शेवटचा धडा संविधानाच्या उद्देशिकेचा.

प्रत्येक विहारात आठवड्यातून पाच संध्याकाळी एक तास वर्ग भरू शकतो. वेळ बायका ठरवतील. आधी डोळे तपासून चष्मे मिळवून द्या, कारण अनेकींची अडचण बुद्धीची नसते, नजरेची असते. शिकवायला कॉलेजातल्या मुली-मुलांची एक तुकडी पुरे. आणि वर्ग चालवत असतानाच निवेदन द्या: प्रौढ शिक्षण योजनेतून काढून हक्कात आणा.

३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती येते. त्या दिवशी फोटोला हार घालण्याआधी आपल्या वस्तीत किती नावे पटावर आली, ते विहारातल्या फळ्यावर लिहा.

जय जोती, जय भीम!