पिवळ्या भिंतीमागची बाई



नोकरीची बहुतेक वर्षे मी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. निवृत्तीनंतर वाचनाची जुनी आवड पुन्हा धरली, तेव्हा एक इंग्रजी कथा हाती आली. ती अजून मनातून जात नाही. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा जानेवारी १८९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’मध्ये छापून आली.

तिच्यामागे खरी हकीकत आहे. १८८५ साली शार्लटला मुलगी झाली आणि तिचे मन फारच खचले. १८८७ मध्ये ती फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांच्याकडे गेली. त्यांचा ‘विश्रांती-उपचार’ तेव्हा गाजत होता. कित्येक आठवडे अंथरुणात राहायचे, माणसांना भेटायचे नाही, भरपूर दूध व अन्न घ्यायचे, शिवाय मालिश आणि विजेचे उपचार. घरी पाठवताना त्यांनी बजावले, घरसंसारात राहा, लेखणी-कुंचला जन्मात हाती धरू नकोस. तिने सुमारे तीन महिने हे पाळले आणि ती वेडाच्या काठावर पोहोचली. शेवटी तिने लेखणीच उचलली.

कथेतही रुग्ण बाळंतीण आहे आणि डॉक्टर आहे तिचा नवराच. लेखिकेने तिला नाव दिलेले नाही. ती चोरून रोजनिशी लिहिते, आणि तेवढेच आपल्याला वाचायला मिळते. तिची खोली माडीवर, खिडक्यांना गज, भिंतीत कड्या, पलंग जमिनीला ठोकलेला. ती समजते, पूर्वी येथे मुले खेळत असतील. आपल्याला मात्र तुरुंग दिसू लागतो. सांगणारीला कळत नाही ते वाचणाऱ्याला कळते, हीच या कथेची युक्ती.

मग तो भिंतीवरचा पिवळा कागद. त्याच्या नक्षीचे गज होतात आणि गजांमागे एक बाई हलू लागते. आत कोंडलेली कोण, हे लेखिका सांगत नाही. भिंतीवर खाली, जमिनीलगत एक पुसट पट्टा आहे. तो कोणी पाडला, असे ती नवलाने विचारते. शेवटी ती रांगू लागते तेव्हा तिचा खांदा नेमका त्या पट्ट्यात बसतो! मी पुस्तक मिटून ठेवले.

कारण मला एक रात्र आठवली. एक तरुण आई म्हणत होती, ‘‘सिस्टर, तीन रात्री डोळा लागला नाही. हे बाळ माझे वाटतच नाही.’’ मी तिचे पांघरूण सारखे केले आणि तक्त्यावर लिहिले, ‘रुग्ण विश्रांती घेत आहे.’ पहाटे ती अनवाणी जिन्यावर उभी सापडली. वेळीच उपचार झाले, ती बाळासह घरी गेली. पण ती ओळ माझ्या हातची होती.

आपल्या आज्या याला बाळंतवात म्हणत. बाळंतपणानंतरचे तीव्र वेड हजारात एक-दोघींनाच होते, नुसती उदासी पुष्कळ जणींना. १९८७ मध्ये एडिंबरा येथे दहा प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. आज आपल्या ‘तिपत हलाव’ केंद्रांतही ती बाळंतिणींना विचारतात. म्हणजे, तिला विचारायचे असते हे शिकायला शंभर वर्षे लागली.

गिलमन यांनी १९१३ मध्ये लिहिले की कथेची प्रत मिचेल यांना पाठवली होती, पण पोच आली नाही. त्यांनी उपचार बदलल्याचे पुढे तिच्या कानी आले. डॉक्टरांच्या लिखाणात मात्र तसा पुरावा सापडत नाही.

भगिनींनो, सून वा लेक बाळंत होऊन घरी आली की आपण तिला डिंकाचे लाडू देतो, शेक देतो, आणि ‘स्वस्थ पडून राहा’ म्हणतो. जरूर म्हणा. पण आधी तिच्या उशाशी बसून ती काय सांगते ते ऐका.