तक्रारीचा तिसरा वाचक

संगणकप्रणालीतील दोषाची नोंद, रूढ भाषेत 'बग रिपोर्ट', ही साहित्याच्या अभ्यासकानेही दखल घ्यावी अशी संहिता आहे. तिला निवेदक असतो, घटना असते आणि अनेकदा वर्षानुवर्षे लांबलेला शेवट असतो. तिचा वाचक कोण, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे.

डेबियन ही स्वयंसेवकांनी उभारलेली मुक्त प्रणाली १९९३ साली सुरू झाली. तिच्यासाठी इयन जॅक्सन यांनी रचलेली दोषनोंदीची व्यवस्था मुख्यतः ई-मेलवर चालते. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावरूनच तिचा ई-मेल पत्ता तयार होतो. त्या पत्त्यावर धाडलेले पत्र तक्रारीच्या दप्तरी दाखल होते. क्रमांकापुढे 'डन' जोडून पत्र पाठवले की तक्रार निकालात निघते आणि मूळ तक्रारदाराला तसे कळवले जाते. दोष लपवणार नाही, नोंदवही सर्वांना खुली ठेवू, असे वचन डेबियनने १९९७ च्या आपल्या 'सामाजिक करारा'त दिले.

परंतु नोंदवही खुली असणे वेगळे आणि वार्ता घरी पोहोचणे वेगळे. मूळ पत्रव्यवहार दोघांचाच होता: तक्रारदाराचा आणि देखभाल करणाऱ्याचा. तोच दोष सोसणाऱ्या तिसऱ्या माणसाला पुढे काय झाले हे पुन्हापुन्हा जाऊन पाहावे लागे, नाहीतर साऱ्या तक्रारींचा लोंढा अंगावर घ्यावा लागे. एकेका तक्रारीचे वर्गणीदार होण्याच्या सोयीने ही अडचण दूर केली. क्रमांकापुढे 'सबस्क्राइब' जोडून पत्र पाठवायचे, खातरजमेच्या पत्राला उत्तर द्यायचे; मग त्या तक्रारीवरील पुढची पत्रे आपोआप येत राहतात. मोझिला प्रकल्पासाठी टेरी वाइसमन यांनी १९९८ साली घडवलेल्या 'बगझिला'त हेच काम 'सीसी' यादी करते.

अशा वर्गणीतून नेमके काय मिळते? डेबियनवर आधारलेल्या उबुंटूची पहिली नोंद या दृष्टीने बोलकी आहे. २० ऑगस्ट २००४ रोजी संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी बाजारातील मायक्रोसॉफ्टचे बहुसंख्यत्व हाच 'दोष क्रमांक १' म्हणून नोंदवला. ३० मे २०१३ रोजी त्यांनीच ती नोंद बंद केली. स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांमुळे संगणनाचे जगच पालटले, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे हा बदल मुख्यतः उबुंटूने घडवलेला नव्हता. दोष दुरुस्त झाला की निरर्थक ठरला, हा वाद त्यावर घालता येतो. आणि तो घालता येतो, कारण निकालासोबत त्याची कारणेही लिहिली गेली.

वर्गणीने दुरुस्तीची हमी कधीच दिली नाही. तक्रार मिटवणाऱ्याचा शब्द एकट्या तक्रारदारापुरता न राहता वाट पाहणाऱ्या साऱ्यांसमोर जाऊ लागला, हे तिने घडवलेले परिवर्तन. ज्या अर्जांचे पुढे काय झाले हे अर्जदारालाही कळत नाही, अशा दप्तरांशी परिचय असलेल्या वाचकाला त्याचे मोल निराळे सांगायला नको.