एक कायदा, दोन राज्ये : नागपूर-जबलपूर प्रदेशातील सार्वजनिक गृहनिर्माण

प्रस्तावना

जबलपूर-दिंडोरी रस्त्यावरील कुंडम हा जबलपूर जिल्ह्याचा विकासखंड आहे. येथे गोंड आदिवासींची मोठी वस्ती आहे. तिथल्या खेड्यात सरकारी मदतीने घर बांधायचे असल्यास कुटुंबाचा संबंध राज्याच्या गृहनिर्माण मंडळाशी येत नाही. तो ग्रामपंचायत आणि जनपद पंचायत (महाराष्ट्रातील पंचायत समितीसारखी संस्था) यांच्याशी येतो. शहरासाठी एक यंत्रणा आणि खेड्यासाठी दुसरी, ही विभागणी कशी झाली, हे या घटकात पाहू.

१९५० चा कायदा

१९५० साली जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. मुंबई राज्याने १९४८ मध्ये गृहनिर्माण मंडळाचा कायदा केला होता. पाठोपाठ १९५० मध्ये मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळ अधिनियम आला. जमीन हा विषय राज्यसूचीत असल्याने घरे उभारण्याची यंत्रणा राज्यांनी निर्माण केली, तर निधीचा मोठा भाग केंद्राच्या योजनांतून येऊ लागला.

राज्यपुनर्रचनेनंतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले व भोपाळ राजधानी झाली. सीमा बदलली तरी कायदा लगेच बदलला नाही. पुनर्रचना अधिनियमानुसार जुने कायदे आपापल्या प्रदेशात लागू राहिले. म्हणूनच १९६० मध्ये स्थापन झालेले विदर्भ गृहनिर्माण मंडळ मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याखाली चालत होते. सहकारी संस्था व स्थानिक संस्थांना घरांसाठी कर्ज देणे हेही त्याचे काम होते. पुढे महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्यानुसार डिसेंबर १९७७ मध्ये म्हाडा अस्तित्वात आले आणि विदर्भ मंडळ त्यात विलीन झाले. मध्य प्रदेशानेही १९७२ मध्ये स्वतंत्र गृहनिर्माण मंडळ अधिनियम केला.

मंडळाचे घर कोणासाठी?

मंडळांनी राबवलेल्या योजना पाहिल्या तर त्यांचा लाभार्थी स्पष्ट होतो. १९५२ ची अनुदानित औद्योगिक गृहनिर्माण योजना कारखाना व खाण कामगारांसाठी होती. १९५४ ची अल्प उत्पन्न गट योजना कर्जावर आधारलेली होती. म्हणजे घर मिळण्यासाठी गरजेइतकेच दरमहा भाडे किंवा हप्ता भरण्याचे सामर्थ्य महत्त्वाचे होते. शेती, मजुरी आणि वनोपज यांवर जगणाऱ्या कुटुंबाकडे पगाराचा दाखला नसतो. त्याला या चौकटीत जागा नव्हती. १९५७ मध्ये ग्राम गृहनिर्माण योजना आली खरी, पण तिचाही मुख्य आधार कर्ज हाच होता.

खेड्याची वेगळी वाट

हा विचार १९८५ नंतर बदलला. ग्रामीण रोजगार कार्यक्रमाचा भाग म्हणून इंदिरा आवास योजना सुरू झाली. सुरुवातीला ती अनुसूचित जाती-जमाती व मुक्त वेठबिगार यांच्यासाठी होती. १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. येथे कर्जाऐवजी अनुदान होते आणि घर ठेकेदाराने नव्हे, तर कुटुंबाने स्वतः बांधायचे होते. साहजिकच तिची सूत्रे ग्रामविकास विभागाकडे गेली.

२०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण सुरू झाली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले. केंद्र व राज्याचा वाटा साधारणपणे ६०:४० आहे. लाभार्थी २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेतून निवडून ग्रामसभेत पडताळले जातात. बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे स्थाननोंदीसह घेतली जातात आणि हप्ते थेट बँक खात्यात जमा होतात.

त्यामुळे कुंडमसारख्या भागात निर्णायक कागद म्हणजे यादी. गणनेच्या वेळी कामासाठी बाहेरगावी असलेले किंवा नंतर विभक्त झालेले कुटुंब यादीतून सुटू शकते. सुटलेल्यांसाठी पुढे ‘आवास प्लस’ सर्वेक्षण करावे लागले, यावरून हा प्रश्न किती मोठा होता हे कळते.

समारोप

पूर्वी पगाराचा दाखला पात्रता ठरवत असे, आता यादीतील नाव ठरवते. गृहनिर्माणाचा इतिहास अभ्यासताना किती घरे बांधली याबरोबरच गरजू कोण हे कोणत्या कार्यालयाने व कोणत्या कागदावरून ठरवले, हेही विचारले पाहिजे.

स्वाध्याय

१. राज्यपुनर्रचनेनंतरही १९५० चा कायदा विदर्भात का लागू राहिला?
२. कर्जाधारित व अनुदानाधारित गृहयोजनांची तुलना करा.
३. आपल्या गावातील घरकुल यादी कशी तयार झाली, याची माहिती घेऊन टिपण लिहा.